हॉस्टेलचे जास्तीचे पैसे नक्की कशासाठी द्यायचे

सध्या आमच्या घरात एकच विषय चालूय, भाचीला कुठं ठेवायचं. तिला आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्रीला ॲडमिशन मिळाली, ती करमाळा तालुक्यातली, आणि फोन करणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतोय की सख्खी मावशी सोलापुरात असताना हॉस्टेल कशाला. ज्यांना सोलापूर माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, आम्ही जुळे सोलापुरात आणि विद्यापीठ केगावला, पुणे रोडवर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शिवाय आमचं घर दोन खोल्यांचं, सासूबाई आजारी, दहावीचा मुलगा, त्यात तिला रात्री बारापर्यंत बसून अभ्यास करायला जागा कुठून आणायची. तिनंच सांगितलं, मावशी मला राहायला तुझ्याकडं आवडेल पण अभ्यास होणार नाही. पटलं मला ते.

विद्यापीठाच्या हॉस्टेलला फॉर्म भरलाय, पण जागा मोजक्या आणि यादी लागायला वेळ, तोवर मुलगी हवेत ठेवायची का. मिळालं तर ते सगळ्यात चांगलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, भाडं कमी आणि लॅबपासून चालत, त्यापुढं बाकी सगळं विसरायचं. पण नाही मिळालं तर काय, म्हणून आम्ही खाजगी बघायला सुरुवात केली आणि तिथून खरा घोळ चालू झाला कारण भाडी ऐकली तर एक बावीसशे आणि एक नऊ हजार. इतका फरक कशाचा हेच आधी कळेना.

बावीसशेची खोली एसटी स्टँडच्या जवळ, जुना वाडा, माडीवर चार मुली, कॉटवर भाडं, जेवण बाहेर मेसमध्ये. नऊ हजारवालं केगावच्या बाजूला नवीन बांधलेलं, दोघींत एक खोली, एसी, वायफाय, वॉशिंग मशीन, दारावर अंगठा लावायची मशीन, जेवण त्यातच. आणि त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर बिनएसीची, तिघींची खोली साडेसहा हजाराला, ही गोष्ट मालकानं आम्ही विचारल्यावर सांगितली, आधी दाखवली नाही. मी सगळ्यांना सांगतेय, विचारा, प्रत्येक महागड्या हॉस्टेलात अशी एखादी खोली असतेच आणि ती जाहिरातीच्या फोटोत नसते.

आक्काचं म्हणणं सुरुवातीपासून, मुलगीय, पैशाकडं बघायचं नाही. दाजींचं म्हणणं, बावीसशेत होतंय तर नऊ हजार कशाला, आमच्या वेळी आम्ही बोर्डिंगात भाकरी बांधून नेऊन शिकलो. दोघांचंही मला समजतं, पण दोघंही नुसत्या भाड्याच्या आकड्यावर भांडत होते आणि मला वाटतं चूक तिथंच होते, भाडं म्हणजे राहण्याचा खर्च नव्हे. म्हणून मी वही घेऊन बसले आणि वर्षाचा हिशोब मांडला.

बावीसशेच्या खोलीचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, म्हणजे २४,२०० झाले. मेसचे महिना २,८००, कॉलेज धरा दहा महिने, २८,०००. रोजचं केगावला जाणं येणं, कधी बस कधी शेअर रिक्षा, महिना ११०० धरले, ११,०००. लाईट बिलाचा वाटा अडीचशे, म्हणजे २,५००. प्यायच्या पाण्याचा जार महिना दीडशे, ते १,५००. बेरीज ६७,२००. आता साडेसहा हजारवाली, मालक बारा महिन्यांचे मागत होता, आम्ही अकरावर आणलं, ७१,५००. त्यात जेवण आलं, पाणी आलं, लाईट आली, विद्यापीठात चालत जायचं, फक्त सुट्टीला शहरात यायचं त्याचे महिना दोनशे म्हणजे २,०००, आणि उन्हाळ्यात कूलर लावला तर त्याचे वेगळे महिना दोनशे, तीन महिन्यांचे ६००. एकूण ७४,१००. म्हणजे जी खोली भाड्यात तिप्पट महाग दिसत होती तिचा वर्षाचा फरक निघाला ६,९००. दाजींनी वही उलटसुलट करून दोनदा बेरीज केली.

आणि नऊ हजारवाली? ती बाराच महिन्यांनी, एक रुपया कमी नाही, १,०८,०००. वर एसीचं लाईट बिल सबमीटरवर वेगळं, युनिटला बारा रुपये. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर आठ-दहा युनिट सहज जातात, म्हणजे रात्रीचे शंभर-सव्वाशे, दोघींत वाटून साठ धरा, मार्च ते मे मध्यापर्यंत साडेचार हजार होतात. १,१२,५००. साडेसहावालीपेक्षा ३८,४०० जास्त. हा फरक मात्र खरा आहे, तो कुठल्याच हिशोबानं कमी होत नाही.

मग प्रश्न असा की ६,९०० देऊन काय मिळतंय आणि ३८,४०० देऊन काय मिळतंय. इथं मी माझ्यापुरता एक नियम केला आणि त्यानं सगळं सोपं झालं. जी गोष्ट बाजारात वेगळी विकत मिळते ती भाड्यात घ्यायची नाही. जी वेगळी मिळत नाही तिच्यासाठी भाडं जास्त द्यायला मागंपुढं बघायचं नाही. गादी, टेबल, वायफाय, कपडे धुणं, गारवा, हे सगळं बाहेर मिळतं आणि बहुतेक वेळा स्वस्त मिळतं. मोबाईलचा डेटा तर प्रत्येकीकडं असतोच. पण अंतर वेगळं विकत मिळत नाही, रात्रीची झोप मिळत नाही, आणि सोलापुरात तर पाणी मिळत नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते कारण बाहेरगावच्या पालकांच्या हे लक्षातच येत नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. उजनीच्या धरणातून पाईपलाईननं पाणी येतं, तरी कितीतरी वर्षं आम्ही चार-पाच दिवसांआड पाणी भरत आलोय, घरात बायका पाण्याच्या वारावर लग्नाला जायचं का नाही ते ठरवतात. घरात पाच माणसं असतात तेव्हा ते निभतं. हॉस्टेलात चाळीस मुली असतात. आता शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी माप आहे, आपण काटकसर करून निम्मं म्हणजे ७० लिटर धरू, चाळीस मुलींचं पाच दिवसांचं १४,००० लिटर होतं. आणि आम्ही बघितलेल्या एका ठिकाणी गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या आणि खाली छोटा हौद. बोअर आहे का, तर उन्हाळ्यात आटतं. मग टँकर कोण मागवणार, त्याचे पैसे कोण देणार, तर "ते सगळे मिळून बघतात". म्हणजे परीक्षेच्या तोंडावर एप्रिलमध्ये मुली वर्गणी काढून टँकर मागवणार. वाड्यातल्या खोलीत राहणाऱ्या मुलींना मी सरळ विचारलं, तर एक म्हणाली काकू चौथ्या दिवशी आम्ही केस धूत नाही. ती सहज बोलली, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

साडेसहावाल्या ठिकाणी जमिनीखाली मोठा संप, म्हणजे पाण्याची टाकी, आहे, मी झाकण उघडायला लावून बघितला, बोअर आहे आणि टँकरचा खर्च मालकाचा, तो त्यानं पावतीच्या मागं लिहून दिला. माझ्या मते ६,९०० तिथंच वसूल झाले.

राहिलं अंतर. स्टँडजवळून केगाव फार लांब नाही असं सगळे म्हणतात, पण बसची वाट बघणं, भरेपर्यंत रिक्षा न सुटणं धरून एका वेळेला पाऊण तास जातोच, म्हणजे दिवसाला दीड तास. वर्षात कॉलेजचे दोनशे दिवस धरले तर ३०० तास होतात. केमिस्ट्रीच्या मुलांची प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात, उभं राहून पाय दुखतात, त्यानंतर रस्त्यावर उभं राहायचं, मग मेस बंद व्हायच्या आत पोचायचं. तिला नेट-सेटची, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या परीक्षांची, तयारी करायचीय, ते ३०० तास तिला अभ्यासाला नाही मिळाले तरी झोपायला मिळतील, आणि एकवीस वर्षांच्या पोरीला झोप लागतेच. हे मी आक्काला सांगितलं तेव्हा तिला पटकन समजलं, कारण तिनं स्वतः डी.एड. करताना रोज एसटीनं ये-जा केलीय.

आता एसीचं. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते मी कुणाला सांगणार, एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि स्लॅबची बिल्डिंग असेल तर वरच्या मजल्याची खोली रात्री दोन वाजेपर्यंत आग ओकते, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो. म्हणून एसी चैन आहे असं मी म्हणणार नाही. पण मजा बघा, एसीच्या सगळ्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि बिनएसीच्या तळमजल्यावर, म्हणजे खालची खोली मुळातच चार अंश थंड असेल. आणि आपली हवा कोरडी, इथं कूलर जसा चालतो तसा मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. तिघींनी मिळून एक कूलर घेतला तर वाट्याला दोन-अडीच हजार येतात आणि दोन वर्षं चालतो, रात्रीला दीडेक युनिट खातो. कूलरला पाणी लागतं तेवढं लक्षात ठेवायचं, म्हणजे परत गाडी पाण्यावरच येते, ज्या हॉस्टेलात पाण्याची बोंब तिथं कूलरही उपयोगाचा नाही. तसं बघायला गेलं तर जुन्या वाड्यातली ती माडीवरची खोली माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, ती सगळ्यात गार होती. तिथं पाणी असतं आणि विद्यापीठ जवळ असतं तर मी तिलाच हो म्हटलं असतं.

सेफ्टी हा सगळ्यात नाजूक मुद्दा आणि महागड्या हॉस्टेलवाल्यांना तो बरोबर माहिती असतो. बाप समोर बसला की आधी कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवतात. कॅमेरे असावेत, माझं काही म्हणणं नाही, पण कॅमेरा गेटच्या आत असतो आणि काळजी गेटच्या बाहेरची असते. मी काय बघितलं, तर हॉस्टेल हायवेच्या कुठल्या बाजूला आहे. हा पुणे हायवे आहे, ट्रक आणि ट्रॅव्हल्स कशा जातात ते सगळ्यांनी बघितलंय, रोज दोनदा तो ओलांडावा लागत असेल तर ती गोष्ट माझ्यासाठी कॅमेऱ्यापेक्षा मोठी आहे. मग गेटपासून मेन रोडपर्यंत दिवे आहेत का ते संध्याकाळी जाऊन बघितलं. मग वॉर्डन रात्री तिथं राहते का घरी जाते. आणि रात्री दोन वाजता मुलीच्या पोटात दुखायला लागलं तर गाडी कोण काढणार, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला आणि नऊ हजार घेणाऱ्या दुसऱ्या एका ठिकाणी याला उत्तर नव्हतं, ते म्हणाले पालकांना फोन करतो. करमाळ्याहून पालक पोचेपर्यंत काय.

आणि दुसरी बाजूपण आहे. एका ठिकाणी संध्याकाळी सातला गेट बंद, कुठल्याही कारणानं उघडणार नाही, आणि हे ते अभिमानानं सांगत होते. सातला गेट बंद म्हणजे प्रॅक्टिकल लांबलं तर पोरगी बाहेर, आणि लायब्ररी तर विसराच. आक्काला ते आवडलं होतं. भाची काही बोलली नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, मी शिकायला चाललेय, कोंडून घ्यायला नाही." तिचं शंभर टक्के बरोबर आहे. कोंडण्याला सेफ्टी म्हणून जास्त पैसे घेतात हे मला अजिबात मान्य नाही आणि आपण पालकांनी भीतीपोटी असल्या नियमांना पैसे देणं बंद केलं पाहिजे.

जेवणाचं, दोन वेळा जेवून बघा, पैसे भरायच्या आधी, आणि त्यातलं एक रात्रीचं. दुपारचं सगळीकडं बरं असतं. आठवड्याला भाकरी किती वेळा, ताक मिळतं का, रविवारी काय. आपल्याकडं बहुतेक मेसला रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी असते, म्हणजे महिन्याच्या चार रात्री बाहेरचा खर्च, तो कुणी हिशोबात धरत नाही. मी सांगून ठेवलंय, रविवारी रात्री माझ्याकडं, आणि जाताना शेंगाचटणीचा डबा.

पैसे कधी भरायचे यावर तर किती भरायचे याच्याइतकंच बोललं पाहिजे. दाजींचं सगळं उसावर. जूनमध्ये पेरणी, खतं, शाळांच्या फिया, शेतकऱ्याच्या हातात सगळ्यात कमी पैसा तेव्हा असतो आणि नेमकं तेव्हाच हॉस्टेलवाले वर्षाचे एकदम मागतात. ऊस कारखान्याला जातो तो दिवाळीनंतर, कायद्यानं चौदा दिवसांत बिल द्यायला पाहिजे, पण शेतकऱ्याच्या घरात त्या चौदा दिवसांवर कुणी खर्च बेतत नाही. साठ-सत्तर हजार एकदम भरायला कर्ज काढलं तर त्याचं व्याजपण भाड्यातच धरायचं ना. आम्ही मालकाला स्पष्ट सांगितलं, डिपॉझिट आणि दोन महिन्यांचे आत्ता, मग नोव्हेंबरपर्यंत महिन्याला, आणि जानेवारीत उरलेले एकदम. तो तयार झाला. एकदम भरले तर पाच टक्के सूट देत होता, ती सोडली. ज्यांच्याकडं पगाराचा पैसा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.

एका ठिकाणी वर जीएसटी वेगळा लागेल म्हणून सांगितलं. तर हे माहिती असू द्या, जून २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५३ व्या बैठकीत ठरलं आणि जुलैपासून लागू झालं, माणशी महिना २०,००० पर्यंतचं राहण्याचं भाडं असेल आणि सलग निदान ९० दिवस राहणार असाल तर त्यावर जीएसटी नाही. सोलापुरात तर वीस हजाराला कुणी पोचत नाही, पुण्यातली मोठी स्टुडंट हॉस्टेलंपण बरीचशी यात बसतील. मी हे बोलल्यावर त्या बाईंनी विषय बदलला.

ज्यांना लागू होतं त्यांनी स्कॉलरशिप बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत जेवणाचे, राहण्याचे पैसे खात्यावर येतात, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारा, अटी बघा, कागदं आधीच गोळा करा. फक्त ते पैसे जूनला हातात येतील असं धरून चालू नका, पहिले काही महिने घरचेच घालावे लागतात. आणि इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांनी पहिल्या राऊंडला ॲडमिशन लागली की लगेच वर्षाचं हॉस्टेल भरू नये, पुढच्या राऊंडला कॉलेज बदललं तर डिपॉझिट परत मिळणार का हे आधी कागदावर घ्या. चार मित्र मिळून फ्लॅट घेणार असतील तर भाडेकरार रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारकच आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

तर आमचं ठरलंय, विद्यापीठाच्या हॉस्टेलची यादी लागेपर्यंत थांबायचं, नाव आलं तर तिथं, नाही आलं तर तळमजल्यावरची साडेसहावाली. मालकानं हजार रुपये टोकन घेऊन पंधरा तारखेपर्यंत कॉट धरून ठेवलीय आणि नाव यादीत आलं तर टोकन परत, हेपण लिहून घेतलंय. आक्काला अजूनही एसीचं वाटतंय, म्हणते शेजारच्या जाधवांच्या मुलीला एसी आहे. मी तिला म्हटलं ३८,४०० रुपयांत तिची दुसऱ्या वर्षाची फी, नेटचा फॉर्म आणि एखादा चांगला सेकंडहँड लॅपटॉप बसतो, त्यातलं काय सोडायचं ते तूच सांग. त्यावर ती दाजींकडं बघायला लागली, आणि भाचीनं लॅपटॉप म्हणून टाकलं.